चढायला चौदा दिवस, उतरायला किती?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सियाचीनवर तीन महिने काढून तुमचे मिस्टर दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेत. ओसरीत झोपतात, मध्यरात्री उठून अंगणात फिरतात, धाकटा रडायला लागला की उठून बाहेर जातात. वर काय होतं विचारलं तर “काही नाही, बर्फ” एवढंच सांगतात. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, “माझं काही चुकलं का?”

तुमचं काहीही चुकलेलं नाही. हे आधी सांगतो, कारण आमच्या घरीही नेमकं हेच झालं होतं आणि आमच्या सौ.नी हा प्रश्न कुणाला विचारला नाही, मनातच ठेवला. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. २००६ साली हवालदार असताना ग्लेशियरवर होतो. तेव्हा मी घरी आलो ते साधारण महिनाभर आलोच नव्हतो, असं त्या आजही म्हणतात.

वर पाठवायच्या आधी फौज किती काळजी घेते ते बघा. लेहला विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, जिनासुद्धा सावकाश चढायचा. नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांत चार, त्याच्या वर आणखी चार. असे चौदा दिवस शरीराला विरळ हवेची सवय लावतात. घाई केली तर फुप्फुसात पाणी भरतं, त्याला आम्ही हापो म्हणतो, आणि काल हसत बसलेला धडधाकट पोरगा रातोरात जाऊ शकतो. मग बेस कॅम्पला बॅटल स्कूलमध्ये बर्फावर चालायचं कसं, दोराला बांधून घ्यायचं कसं, क्रेव्हासमध्ये, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत, पडलेल्या जोडीदाराला ओढून काढायचं कसं, हे सगळं घोटून घेतात.

आणि उतरताना? पोस्टवरून बेस कॅम्प, तिथून गाडीनं थोइसची हवाई पट्टी, विमानानं चंदीगड, पुढं रेल्वे आणि शेवटी एसटी. पंधरा दिवसांपूर्वी जो उणे चाळीसमध्ये उभा होता तो तुमच्या दारात चप्पल काढतो. या उतरण्याचे टप्पे कुणी आखून दिलेले नाहीत. ते घरालाच आखावे लागतात. माझं सगळं सांगणं एवढंच आहे, बाकीचं त्यातूनच आलेलं आहे.

ते “काही नाही, बर्फ” म्हणतात ते खोटं नाही. बाहेरच्यांना वाटतं तिथं रोज लढाई असते. १९८४ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून आपली माणसं सियाचीनलगतच्या साल्टोरो डोंगररांगेवर आहेत, पण २००३ च्या नोव्हेंबरपासून तिथला गोळीबार थांबलाय. आणि गोळीबार चालू होता तेव्हाही गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमस्खलनानं जास्त माणसं नेली. तिथला दिवस म्हणजे काम, आणि तेच तेच काम.

फायबरच्या एका छोट्या खोलीत सात-आठ जण. मध्ये रॉकेलचा स्टोव्ह, तो चोवीस तास पेटता. प्यायचं पाणी हवं तर बर्फ फोडून पातेल्यात वितळवायचं, पातेलंभर बर्फाचं जेमतेम तांब्याभर पाणी होतं. स्टोव्हच्या धुरानं सकाळी थुंकी काळी पडते. बटाटा दगडासारखा, अंडं भिंतीवर मारलं तरी फुटत नाही, टूथपेस्ट आधी स्टोव्हजवळ धरायची. बर्फ पडत असला की दर दोन-तीन तासांनी उठून छपरावरचं आणि दारापुढचं फावड्यानं काढायचं, नाहीतर खोलीच गाडली जाते. तेही घाम न येऊ देता, कारण घाम कपड्यांच्या आत गोठतो. उघड्या हातानं लोखंडाला शिवायचं नाही, कातडं चिकटून निघतं. अंघोळ तीन महिने नाही. भूक मरते, झोप तुटक, साधा शब्द आठवायला वेळ लागतो. मी नऊ किलोनं उतरलो होतो.

यात एक नियम असा की तो आयुष्यभर जात नाही. तिथं प्रत्येकाला एक बडी असतो, जोडीदार. रात्री झोपण्याआधी त्यानं माझे मोजे काढून पायाची बोटं बघायची, मी त्याची. पांढरी पडलीत का, दाबल्यावर कळतंय का. स्वतःचं बोट बधिर झालेलं स्वतःला समजत नाही, म्हणून दुसऱ्यानं बघायचं. रोज, न चुकता, कितीही दमलो असलो तरी.

सुट्टीवर आल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री मला जाग आली. दोन वाजले होते, वर माझी संतरी ड्युटी त्याच वेळेला असायची. उठलो आणि झोपलेल्या लेकीच्या अंगावरची वाकळ वर करून तिच्या पायाची बोटं एकेक दाबून बघायला लागलो. सौ. जागी झाली. म्हणाली, “अहो, काय करताय?” मी म्हटलं, “बोटं बघतोय.” मे महिना होता. पंखा चालू होता. तिनं काही विचारलं नाही, तशीच बसून राहिली. त्या रात्री ती घाबरली होती, हे मला फार वर्षांनी कळलं.

म्हणून सांगतो, ते ओसरीत झोपतात ते तुमच्यापासून लांब जायला नव्हे. बंद खोलीत, दार लावून, अंधारात झोपलं की छपरावर किती साचलंय हा विचार डोक्यात सुरू होतो. उघड्यावर आभाळ दिसतं. धाकट्याच्या रडण्याचंही तसंच. तिथं शांतता इतकी असते की आवाज आला म्हणजे काहीतरी झालं, धावायचंच. घरी दिवसभर आवाज, आणि त्यातल्या एकाहीसाठी धावायचं नाही. माणूस थकून जातो, आणि मग आपण पोरावर ओरडू या भीतीनं उठून बाहेर जातो. तो राग नाही, ताई. राग आवरणं आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी ते तुम्हाला स्वतःहून सांगणार नाहीत. तुम्ही लिहिलंय की सोसायटीचं कर्ज तुम्ही भरलंत, बोअरची मोटर दुरुस्त करून घेतलीत, मोठीचा शाळेचा दाखलाही काढलात. फार मोठं काम केलंत. पण माझ्यावरून सांगतो, मी घरी आलो तेव्हा तांदळाचा डबासुद्धा जागेवर नव्हता आणि साखर कुठंय हे मला माझ्या लेकीला विचारावं लागलं. वर माझ्या एका चुकीनं दोराला बांधलेले चार जण खाली गेले असते, आणि घरी माझ्यावाचून काहीच अडत नव्हतं. अभिमानही वाटला आणि पाहुणा झाल्यासारखंही वाटलं.

आता काय करायचं. पहिले आठ-दहा दिवस पाहुण्यारावळ्यांना थांबवा. सासूबाईंना विश्वासात घेऊन सांगा, भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आता पारावरच्या गर्दीपासून माणूस जरा लांब राहू दे. “किती मारले?” असं विचारणारे आणि कँटीनची बाटली मागणारे प्रत्येक गावात असतात. माझ्या मते सुट्टीवरच्या जवानाला सगळ्यात जास्त थकवतात ते हेच लोक, आणि घरच्यांनी दारातूनच त्यांना वाटेला लावण्यात काहीही वावगं नाही.

भाऊबंदकीची, बांधाची भांडणं पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढं ठेवू नका. त्याऐवजी हातानं करायचं आणि संध्याकाळी संपलेलं दिसेल असं एखादं काम द्या. मला आमच्या वडिलांनी गोठ्याचं छप्पर शाकारायला लावलं. का, ते बोलले नाहीत. एकही शब्द न बोलता आम्ही दोघांनी चार दिवस ते केलं, आणि पाचव्या दिवशी मी आपणहून त्यांना पोस्टचं सांगायला लागलो. समोरासमोर बसवून “सांगा ना” म्हटलं की कुणी सांगत नाही. काम करताना, शेजारी शेजारी बसून शेंगा फोडताना आपसूक निघतं. विचारायचंच झालं तर ग्लेशियरबद्दल विचारू नका, त्यांच्या बडीबद्दल विचारा. कुठल्या गावचा, घरी कोण असतं, तो आता कुठं सुट्टीवर गेलाय. फोन लावून द्या. ते दोघं तासभर बोलतील, हसतीलही, आणि तुम्हाला वाटेल माझ्याशी का नाही असं हसत. वाईट वाटून घेऊ नका. ती हसण्याची सुरुवात असते.

आणि तुमचंही त्यांना सांगा. दोन आठवडे जाऊ देत, मग सांगा की फोन आला नाही त्या रात्री तुम्ही काय केलंत. २०१६ च्या फेब्रुवारीत सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं, लान्सनायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले आणि पुढं तीन दिवसांत गेले, तेव्हा अख्खा देश टीव्हीपुढं बसला होता. ज्याचं माणूस वर आहे ते घर रोजच तसं बसलेलं असतं. हे जवानाला माहीत नसतं. आमच्या सौ.नी मला ते आधी सांगितलं असतं तर मी लवकर खाली उतरलो असतो, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहितो. झोप न लागणं, विसरणं, भूक नसणं हे काही आठवड्यांत हळूहळू सुधारायला हवं. महिना होत आला तरी तसंच असेल, रोज दारू लागत असेल, हात उगारला जात असेल, किंवा “मी वरच राहिलो असतो तर बरं” अशी भाषा एकदा जरी निघाली, तर वाट बघू नका. जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला न्या. सुट्टीवर असतानाही दाखवता येतं, पुण्याला तर कमांड हॉस्पिटलच आहे. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. रेकॉर्ड खराब होईल, प्रमोशन अडेल, असं ते म्हणतील. मीही म्हणालो होतो. माझ्या ओळखीचा एक चांगला पोरगा याच भीतीपायी दोन वर्षं गप्प राहिला आणि त्याच्या घरानं ते फार सोसलं. गोठलेलं बोट लपवणाऱ्याला वर आम्ही शूर म्हणत नव्हतो, त्याला पहिल्या हेलिकॉप्टरनं खाली पाठवत होतो.

सुट्टी साठ दिवसांची असली तरी शेवटचा आठवडा तुमचा नाही हे धरून चाला. ट्रंक बाहेर निघते, तिकीट तपासलं जातं, माणूस पुन्हा गप्प होतो. त्या आठवड्यात नवं काही काढू नका. मोठीला त्यांच्यासोबत रानात पाठवा, संध्याकाळी सगळे एका ताटलीतून शेंगदाणे खात ओसरीत बसा.

आणि त्यांच्यासोबत द्यायची शेंगदाण्याची चटणी करताना सात-आठ जणांची मोजून करा. पलटणीत डबा एकट्यानं उघडत नाहीत.