वाचकांचे प्रश्न : संत्रे शेजारच्या क्रेटमध्ये का जाते?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्यात संत्र्यांची प्रतवारी करणारे यंत्र तयार होते. कॅमेऱ्यातील चित्रावरून सॉफ्टवेअर प्रत ठरवते आणि फ्लॅप उघडून फळ क्रेटमध्ये सोडते. ग्राहकाच्या आग्रहावरून प्रत्येक फळाची नोंद एसडी कार्डवर होते आणि चित्र स्क्रीनवरही दिसते. सरासरी वेळ २० मिलिसेकंदच भरतो, तरी रोज काही फळे शेजारच्या क्रेटमध्ये जातात. अधिक वेगवान प्रोसेसर घ्यावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रोसेसर बदलण्याची घाई करू नये. आपण सरासरी कळवली आहे, पण फळ चुकते ते सरासरीमुळे नव्हे, एखाद्याच वेळच्या मोठ्या उशिरामुळे. पट्टा सेकंदाला १ मीटर सरकतो आणि त्यावरील फळ धरणाऱ्या दोन कपांत १० सेंटिमीटर अंतर आहे असे धरले, तर दर १०० मिलिसेकंदांनी नवा कप फ्लॅपसमोर येतो. आज्ञा ५० मिलिसेकंद उशिरा गेली की फ्लॅप दोन कपांच्या मधोमध उघडतो. एसडी कार्ड एरवी चटकन लिहून मोकळे होते, मात्र मध्येच स्वतःची आवराआवर काढून शंभराहून अधिक मिलिसेकंद अडून बसू शकते, आणि फ्लॅपची आज्ञा त्या लेखनानंतर दिली जात असेल तर तीही तिथेच खोळंबते.

म्हणून फ्लॅपच्या कामाला सर्वांत वरचे प्राधान्य द्यावे, नोंदी आधी मेमरीतील ठरावीक लांबीच्या रांगेत टाकाव्यात आणि कार्डवर लिहिण्याचे व स्क्रीनचे काम उरलेल्या वेळात करावे. रांग भरली तर नोंद सोडून द्यावी, पण किती सोडल्या ते मोजावे. ग्राहकाला हे आवडणार नाही. तरीही संत्रे चुकवण्यापेक्षा नोंद गमावलेली बरी, हे त्याच्याशी आधीच बोलून घ्यावे.

एवढ्याने भागेलच असे नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला, कारण हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या खालच्या प्राधान्याच्या कामाने सामाईक लॉक (म्हणजे एका वेळी एकाच कामाला आत सोडणारे कुलूप) धरलेला असतानाच मधल्या प्राधान्याचे काम त्याला बाजूला सारून चालत राही आणि त्या लॉकची वाट पाहणारे वरच्या प्राधान्याचे काम अडकून पडे. लॉक धरणाऱ्या कामाला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य देणारी सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर दोष गेला. आपल्या रांगेवरही लॉक असेल, तर ही सोय चालू आहे का ते पाहावे.

प्रोसेसरचा काही भाग रिकामा दिसतो म्हणून त्यात नवे काम कोंबण्याचा मोह मालकांना हमखास होतो. १९७३ साली लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी दाखवले, की परस्परांपासून स्वतंत्र, ठरावीक आवर्तनाची, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारी कामे असतील आणि ज्याचे आवर्तन लहान त्याला प्राधान्य वरचे असेल, तर प्रोसेसरचा एकूण वापर सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत असताना, कामे कितीही असली तरी, कोणाचीही मुदत चुकत नाही. त्यापुढे मुदत चुकतेच असे नाही, पण मग प्रत्येक कामाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

नोंदी आणि स्क्रीन दोन्ही चालू ठेवून, कार्ड जवळजवळ भरलेले असताना यंत्र दिवसभर चालवावे आणि या वेळी सरासरीऐवजी सर्वांत मोठा उशीर तेवढा टिपून आम्हांला कळवावा.