योसेमिटीतली कॅम्पसाइट ‘ब्लॅक’ने घ्यावी का? आणि हा धंदा बंद का होत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फेसबुकच्या एका ग्रुपवर कोणीतरी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, व्हॅलीमध्ये तंबू टाकायच्या जागेचं (कॅम्पसाइटचं) जुलैच्या शनिवार-रविवारचं बुकिंग दुपटीहून जास्त भावाने विकतोय, ते घ्यावं का? आणि सरकारी जागेचा असा उघड काळाबाजार चालतो, तर तो बंद का करत नाहीत? पहिल्याचं उत्तर: घेऊ नका. दुसऱ्याला जरा वेळ लागेल. मी कॅलिफोर्नियात राहते आणि उन्हाळ्यात तंबू घेऊन बाहेर पडणाऱ्यांतली आहे. १५ तारखेला सकाळी सात वाजता, बुकिंग उघडतं तेव्हा, लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांतलीही आहे, त्यामुळे हा राग माझ्या ओळखीचा आहे.

आधी तुमच्या पैशांचं बोलू. रिक्रिएशन डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या बुकिंग साइटवरचं कॅम्पसाइटचं बुकिंग एका माणसाच्या नावावर असतं. योसेमिटीत पोचल्यावर किऑस्कवर त्या माणसाने फोटो ओळखपत्र दाखवायचं असतं आणि मुक्कामही त्यानेच करायचा असतो. विकणारा काही तुमच्या तंबूत झोपायला येणार नाही. रेंजरने (पार्कच्या कर्मचाऱ्याने) नाव जुळवलं तर तुम्ही, मुलं, सामानाने भरलेली गाडी, सगळे तिथून माघारी. आणि नाव जुळवतील की नाही, हा जुगार तुम्ही खेळायचा, त्याने नाही. त्याचे पैसे त्याला ‘झेल’ या पैसे पाठवायच्या सेवेवर केव्हाच मिळालेले असतात. शिवाय कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट एकाला पाठवला काय आणि चौघांना पाठवला काय, त्याला सारखंच.

पण तुमचा विकणारा म्हणतोय, ‘नावाची काळजी करू नका, मी तुमच्या नावावर करून देतो.’ सगळी मेख इथे आहे.

हे समजायला थोडं मागे जायला हवं. व्हॅलीतली मुख्य कॅम्पग्राउंड तीन: अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स. तिन्ही मिळून साधारण चारशे जागा. पार्कात वर्षाला येणारी माणसं चाळीस लाखांच्या आसपास. एका जागेचं रात्रीचं भाडं ३६ डॉलर, आणि त्यात सहा जण राहू शकतात. त्याच व्हॅलीतल्या हॉटेलच्या खोलीचा उन्हाळ्यातला भाव बघा, म्हणजे मधली दरी कळेल. दलाल त्या दरीत उभा असतो. अर्थशास्त्र शिकलेला कोणी लगेच म्हणेल की मग भाडंच दोनशे डॉलर करा, दलाल आपोआप संपेल. खरं आहे, संपेल. पण मग ती जागा दोनशे डॉलरवाल्यांची होईल. पार्क सगळ्यांच्या करातून चालतं, भाडं मुद्दाम कमी ठेवलेलं आहे आणि ते तसंच राहावं या मताची मी आहे. भाव पाडून ठेवायचा तर वाटपाची पद्धत तितकी घट्ट हवी, आणि नेमकी तिथेच ढिलाई आहे.

हे दुखणं आजचं नाही. २०११च्या सुमारास व्हॅलीतली जागा २० डॉलरला मिळायची आणि क्रेग्सलिस्ट या जाहिरातींच्या साइटवर तीच कितीतरी पटीने विकायला असायची. त्याच वर्षांतली योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याची गोष्ट जास्त बोलकी आहे. हाफ डोमच्या माथ्यावर पोलादी दोरांना धरून चढावं लागतं. तिथली गर्दी धोक्याची झाली म्हणून २०१० साली शुक्रवार ते रविवार परमिट सक्तीचं केलं, २०११ साली आठवड्याचे सातही दिवस. परमिट दीड डॉलरचं, आणि जो आधी येईल त्याला. झालं, परमिटंही ब्लॅकने विकली जाऊ लागली. मग पार्कने २०१२ पासून पद्धतच बदलली. मार्च महिन्यात अर्ज घ्यायचे आणि सोडत काढायची. एका माणसाने गटप्रमुख म्हणून एकच अर्ज करायचा. जास्त केले तर सगळे बाद. अर्जातच प्रमुखाचं आणि एका पर्यायी माणसाचं नाव द्यायचं. त्या दोघांपैकी निदान एक जण त्या दिवशी हजर नसेल तर बाकीच्यांनाही वर जाता येत नाही. दिवसाला सुमारे ३०० माणसं, बस्स. लोक रद्द करतात किंवा येत नाहीत, त्या हिशेबाने उरणारी परमिटं दोन दिवस आधीच्या वेगळ्या छोट्या सोडतीत जातात. ही शेवटची बारीकशी तरतूद लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता ‘तुमच्या नावावर करून देतो’चं रहस्य. तो नाव बदलत नाही. तो स्वतःचं बुकिंग रद्द करतो. रद्द झालेली जागा थोड्याच वेळात पुन्हा साइटवर मोकळी दिसू लागते. ती कुठल्या क्षणी मोकळी होणार हे जगात फक्त त्यालाच ठाऊक असतं, म्हणून आडवेळ गाठून, मध्यरात्रीनंतर वगैरे, तो ती तुमच्या खात्यातून उचलतो किंवा तुम्हाला फोनवर सांगून उचलायला लावतो. रद्द करण्याचा दंड १० डॉलर, तो तुमच्याच बिलात चढवलेला. यानंतर बुकिंग खरोखरच तुमच्या नावाचं असतं. किऑस्कवरचा रेंजर तुमचं ओळखपत्र बघून हसून आत सोडेल. म्हणजे नाव तपासण्याचा जो नियम दलाली रोखण्यासाठी म्हणून सांगितला जातो, तो या युक्तीपुढे पूर्ण निरुपयोगी आहे. (तुमचा माणूस खरंच हे करणार आहे की नुसतं बोलतोय, हे तुम्हाला पैसे दिल्यावरच कळेल.)

भारतीय रेल्वेच्या तिकिटांचा ब्लॅक बघत मोठं झालेल्या माणसाला ही पळवाट पटकन दिसते, कारण आपल्याकडे ती नाही. रेल्वेने दलालांविरुद्ध बरंच काही केलं आहे. तिकीट नावावर, गाडीत ओळखपत्र, दुसऱ्याला द्यायचं तर सहसा जवळच्या नातेवाइकालाच आणि तेही गाडी सुटायच्या २४ तास आधी अर्ज करून. १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४३ बेकायदा तिकीटविक्रीला थेट गुन्हा ठरवतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि खिडकी उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना बंदी. पण माझ्या मते दलालाचा खरा काटा ज्या गोष्टीला आपण सगळ्यात जास्त शिव्या घालतो तीच काढते: वेटिंग लिस्ट. कन्फर्म तिकीट रद्द झालं की तो बर्थ रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जातो. दलालाने बर्थ सोडला तर तो त्याच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडत नाही, नागपूरच्या कोणा अनोळखी काकूंना मिळतो. म्हणून तिथली सगळी मारामारी खिडकी उघडतानाच्या पहिल्या मिनिटात असते. इथे कॅम्पसाइटच्या बाबतीत ती दोनदा होते, उघडताना एकदा आणि रद्द होताना दुसऱ्यांदा. आणि दुसऱ्या वेळी राखणीला कोणीच नसतं.

हीच युक्ती लॉस एंजेलिसच्या महापालिकेच्या गोल्फ मैदानांवर २०२४ साली उघडकीला आली. दलाल सकाळच्या चांगल्या वेळा अडवून ठेवायचे आणि काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग अॅपवर जाहिराती करून विकायचे. शहराने काय केलं, तर माणशी १० डॉलर परत न मिळणारं डिपॉझिट लावलं. खेळायला आलात तर ते फीतून वळतं होतं. रद्द केलंत तर गेलं. चौघांची वेळ अडवून मग सोडून द्यायची तर ४० डॉलर खिशातून जातात. उपाय साधा आहे आणि पोलीस लागत नाहीत.

‘बॉट’चा, म्हणजे आपोआप बुकिंग करणाऱ्या प्रोग्रॅमचा, विषयही निघतोच. सगळे बॉटच उचलतात असं आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर छातीठोकपणे सांगितलं जातं. बॉट आहेत, नाही असं नाही. तिकिटांच्या बॉटविरुद्ध अमेरिकेत २०१६चा केंद्रीय कायदाही आहे, पण तो नाटक, मैफिली, सामने अशा कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी लिहिलेला; जंगलातल्या तंबूच्या जागेला तो सरळ लागू पडत नाही. तरी माझा अनुभव विचाराल तर जागा अडवणाऱ्यांत दलालापेक्षा आपल्यासारखी सभ्य माणसंच जास्त. ‘घेऊन तर ठेवू, मग बघू.’ चार कुटुंबं चार वेगवेगळ्या वीकेंडांच्या जागा धरून ठेवतात, जूनमध्ये एक वीकेंड ठरतो आणि बाकीच्या जागा शेवटच्या आठवड्यात सुटतात. काही तर सुटतही नाहीत, रिकाम्या राहतात. समुद्रकाठच्या स्टेट पार्कांत याची अजून एक तऱ्हा आहे. तिथे सहा महिने आधीची तारीख रोज सकाळी आठला उघडते. हवी ती सुट्टी अजून खिडकीत आलेलीच नसते, म्हणून लोक अलीकडच्या तारखेपासून लांबलचक बुकिंग करतात आणि मग सुरुवातीचे नको ते दिवस सोडत सोडत ते सरकवत नेतात. यात कोणी कोणाला काही विकत नाही, पण प्रामाणिकपणे आठ वाजता बसलेल्याला उपाशी उठवण्याचं काम ते चोख करतात.

२०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आमदार रेबेका बाउर-केहान यांचं विधेयक मंजूर केलं ते या दुसऱ्या वर्गासाठी. उशिरा रद्द केलं किंवा आलाच नाहीत तर पैसे जाणार, आणि जास्तीत जास्त पाच लोकप्रिय पार्कांसाठी सोडत. दिशा बरोबर आहे. फक्त ते राज्याच्या पार्कांपुरतं आहे; योसेमिटी केंद्राचं. केंद्राच्या साइटवर आजही दोन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर १० डॉलरच कापतात, आदल्या दिवशी केलं तर वर पहिल्या रात्रीचं भाडं. ३६ डॉलरची जागा दीडशेला विकणाऱ्याला १० डॉलर म्हणजे चहापाणी.

मला विचाराल तर सगळ्यात आधी रद्द झालेल्या जागा लगेच मोकळ्या करणं थांबवावं. दिवसभरात रद्द झालेलं सगळं एकत्र करून दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी अनिश्चित वेळी सोडा, किंवा हाफ डोमसारखी रोज छोटी सोडत काढा. रेल्वेसारखी पूर्ण वेटिंग लिस्ट इथे चालवणं अवघड जाईल, कारण पाच रात्रींच्या बुकिंगमधल्या दोनच रात्री कोणाला हव्या असतात, कोणाला आरव्हीची (राहायची सोय असलेल्या गाडीची) जागा लागते, कोणाला तंबूची. पण वेळ अनिश्चित केली तरी दलालाच्या हातातलं एकमेव हत्यार जातं. दुसरं म्हणजे दंड तारखेबरोबर वाढता हवा: तीन महिने आधी जवळपास काही नाही, शेवटच्या आठवड्यात अर्ध्याच्या वर. आणि नाव बदलायला बंदी ठेवायचीच असेल तर ब्रिटिश कोलंबियाच्या पार्कांसारखी एक सोय द्या, बुकिंग करतानाच दुसऱ्या माणसाचं नाव नोंदवण्याची. नाहीतर नवरा आजारी पडला आणि बुकिंग त्याच्या नावावर, म्हणून बायकोमुलांना दारातून परत पाठवण्याची पाळी येते. नियम असा चुकीच्या माणसाला चावला की रेंजरही तो पाळायचं सोडून देतात.

सगळीकडे सोडतच का नाही, असं कोणी विचारेल. सोडतीतही माणसं शहाणपणा करतात. सहा जणांचा गट असेल तर सहाही जण वेगवेगळे अर्ज भरतात आणि सगळ्यांचीच शक्यता घटते. शिवाय ऑगस्टातली रजा मार्चमध्ये मागणं प्रत्येकाला जमत नाही. पण सकाळी सातची शर्यत तरी कुठे न्याय्य आहे? मोंटाना विद्यापीठाच्या विल राइस यांच्या २०२२च्या अभ्यासात दिसलं की आधी बुकिंग लागणाऱ्या जागांवरचे लोक ‘या आणि राहा’ पद्धतीच्या जागांवरच्या लोकांपेक्षा जास्त उत्पन्नाच्या वस्त्यांमधून आलेले होते. नवल काय? सात वाजता वेगवान इंटरनेटसमोर निवांत बसता येणारे आम्ही आयटीवाले. ज्याची सहाची पाळी सुरू झालेली असते तो फोन तरी कसा काढणार. गर्दीच्या वीकेंडांना सोडत आणि बाकी दिवसांना रांग, असा मिलाफ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

तुमच्या जुलैबद्दल. व्हॅलीच्या जागा पाच महिने आधी १५ तारखेला सकाळी सातला उघडतात, त्यामुळे ती वेळ गेली. पण रद्द झालेल्या जागा येत राहतात, विशेषतः मुक्कामाच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत. कॅम्पनॅबसारख्या सेवा थोडे पैसे घेऊन जागा सुटली की मेसेज पाठवतात. त्या जागा अडवत नाहीत, बुकिंग तुम्हालाच करावं लागतं, म्हणून त्यांना मी दलालांत धरत नाही. व्हॅलीतल्याच कॅम्प ४ या कॅम्पग्राउंडच्या जागा उन्हाळ्यात फक्त एक आठवडा आधी उघडतात. तिथे गिर्यारोहकांची गजबज असते आणि जागा अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावी लागते, लहान मुलं असतील तर विचार करा. व्हॅलीचा हट्ट नसेल तर पार्काला लागून सिएरा आणि स्टॅनिस्लॉस ही राष्ट्रीय वनं आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी फुकट तंबू टाकता येतो. शेगडी पेटवायला कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं, ते ऑनलाइन मोफत मिळतं. पाणी आणि संडासाची सोय आपली आपण. आणि शनिवारऐवजी मंगळवार-बुधवार जमत असेल तर आजच साइट उघडून बघा.