काच वाकली पण रुटाइल आलंच नाही!

प्रश्न : नमस्कार सर, मी एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्ट टायटॅनियम डायऑक्साइडच्या थिन फिल्म्सवर. सोल-जेलचं द्रावण साध्या मायक्रोस्कोप स्लाइडवर स्पिन कोट करतो (स्लाइड गरगर फिरवून पातळ थर देतो) आणि तासभर भट्टीत ठेवतो. ३०० डिग्रीला एक्सआरडीत (क्ष-किरणांनी क्रिस्टल ओळखायची चाचणी) पीकच नाही, फिल्म पण तपकिरी. ४५० ला अ‍ॅनाटेज हे क्रिस्टल रूप मस्त आलं. ६०० ला रुटाइल, म्हणजे त्याचंच दुसरं क्रिस्टल रूप, मिळेल म्हणून वाट बघत बसलो तर स्लाइडच वाकली, पीक अ‍ॅनाटेजचेच, वर उजेडात मिथिलीन ब्लू या निळ्या डायचा रंग ४५० वाल्या फिल्मपेक्षा हळू उडतोय. गाईड म्हणतात परत कर. चुकलं कुठे?

उत्तर : अरे, तापमानाआधी तुझी काच चुकली. साधी स्लाइड म्हणजे सोडा-लाइम काच, साडेपाचशेच्या पुढे ती मऊ पडायला लागते, पण वाकण्यापेक्षा मोठी भानगड म्हणजे तिच्यातलं सोडियम, तापवलं की ते गुपचूप वर फिल्ममध्ये शिरतं, क्रिस्टल नीट बनू देत नाही आणि उजेडाने तयार झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा), जे रंग उडवतात, ते रंगापर्यंत पोचायच्या आतच एकमेकांत विरून जातात. त्यात ६०० ला कण मोठे होतात, पृष्ठभाग कमी होतो, मग मिथिलीन ब्लू कशाला घाई करेल?

३०० ची फिल्म तपकिरी कारण आतलं सेंद्रिय अजून पूर्ण जळलेलं नाही, आणि अणूंची मांडणीही अजून लागलेली नाही, म्हणून पीक नाही. ४५० ला फिल्मचा रंग बदललेला दिसला असेल ना, तो पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा प्रकार आहे, फिल्म आकसून दाट झाली, जाडी आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश आत किती वळतो ते) बदलला की रंग सरकतो.

रुटाइल हवंच असेल तर ६०० कमी पडतं, क्वार्ट्झच्या काचेवर कोट कर आणि ८०० पर्यंत जा. पण रंग उडवायचाय तर रुटाइलच्या मागे लागू नकोस. त्याचा बँड गॅप (उजेडाने इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.० आणि अ‍ॅनाटेजचा ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे रुटाइल थोडा जास्त उजेड खातं खरं, तरी या कामात सहसा अ‍ॅनाटेजच पुढे असतं. बजेट नसेल तर साध्याच स्लाइडवर आधी सिलिकाचा एक थर दे, सोडियम बरंच अडतं, मग ४५०-५०० ला थांब.

आणि भट्टी सावकाश चढव, मिनिटाला दोनेक डिग्री, उतरू पण तिची तिलाच दे. मी एकदा जेवायची घाई म्हणून गरम स्लाइड चिमट्याने बाहेर काढली, टक् असा आवाज आला आणि आठवड्याचं काम दोन तुकड्यांत.

जाता जाता, अ‍ॅनाटेजचं मुख्य पीक एक्सआरडी ग्राफवर २५.३ अंशांच्या कोनाला (टू थीटा) आणि रुटाइलचं २७.४ ला बघ. ३०० च्या ग्राफमध्ये २० ते ३० च्या मध्ये जो पसरट फुगवटा दिसतो तो मुख्यतः काचेचा आहे, त्याला पीक म्हणून थिसिसमध्ये लिहू नकोस, व्हायव्हात पकडतात.