आडनावाचं मूळ आणि डीएनए चाचणी

प्रश्न : आमच्या आडनावाचं मूळ डीएनए चाचणीतून कळेल का? मी स्त्री आहे. माझा नमुना चालेल?

उत्तर : तुमचा नमुना चालणार नाही. वडिलांकडून मुलाकडे आडनाव जातं, तसंच वाय गुणसूत्रही. ते तुमच्यात नसतं. वडील, सख्खा भाऊ किंवा चुलतभावाचा नमुना द्या. गालाच्या आतून तो घेण्याआधी तासभर खाणंपिणं नको. १२ मार्करांची (वाय गुणसूत्रावरच्या, तुलनेसाठी तपासायच्या ठरावीक जागांची) चाचणी टाळाच, तीत परकेही जुळतात. किमान ३७ घ्या, जमल्यास १११.

एकट्याच्या निकालावरून मात्र काहीच ठरत नाही. त्याच आडनावाच्या, शक्य तितक्या दूरच्या शाखेतल्या पुरुषाचीही तीच चाचणी हवी. ३७ पैकी ३३ वा अधिक जुळले, तर सामाईक पूर्वज संभवतो. तो कोण, हे जुन्या कागदपत्रांतच शोधायचं. जुळलं नाही, तर मध्ये दत्तकविधान झालेलं असेल, किंवा दोन घराण्यांनी तेच आडनाव स्वतंत्रपणे घेतलेलं असेल.