टिक्-टिक् नेमकी कुणाची? – वाचकांचे प्रश्न

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून येणाऱ्या आवाजांबद्दलची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम लांबवलंय, कारण त्यातल्या तपासण्या बाकीच्यांनाही लागतील.

प्रश्न : आमच्याकडं १९५७ ची एमजीए १५०० आहे. थंड असताना इंजिन गप्प असतं. पंधरा-वीस मिनिटं चालवली की डाव्या बाजूनं, वरच्या अंगाला टिक्-टिक् सुरू होते. रेस दिली की जलद होते, पण चढ असो वा उतार, जोर तेवढाच. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) दोनदा करून घेतले, १७ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास असतं. मिस्त्री म्हणतात, बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल. उतरवू का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नका उतरवू. बेअरिंग गेलेलं इंजिन चढावर आणि सपाटीवर सारखं बोलत नाही; त्याचा आवाज लोडप्रमाणं बदलतो. तुमचा बदलत नाही, आणि प्रेशरही चांगलं आहे. संशय वरच्या मजल्यावर घ्यायला हवा.

आधी आवाज मोजा. टायमिंग लाइटची (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा आणि आयडलिंगला दिव्याकडं बघत आवाज ऐका. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) दोन फेऱ्यांत दिवा एकदा लुकलुकतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही तेवढ्यातच एक फेरी घेतो. एका लुकलुकीला एक टिक् असेल, तर बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूचं काम आहे. दोन असतील तर क्रँककडं बघा. पिस्टनचा आवाजही कधी कधी स्फोटागणिक एकदाच येतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. इन्सुलेटेड पकडीनं एकेका प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवा, म्हणजे अर्थिंग द्या. हवेत लोंबकळत ठेवू नका, कॉइलवर ताण येतो. एखाद्या सिलिंडरवर आवाज दबला किंवा त्याचा पोत बदलला, तर दोष पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडकडं. चारही वायरींना काहीच फरक पडला नाही, तर टॅपेट-रॉकरकडं (रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा लिव्हर).

मग फॅन बेल्ट काढून जेमतेम अर्धा मिनिट इंजिन चालवा. पाणी फिरत नसतं, आपल्याकडच्या उन्हात त्याहून जास्त नको. आवाज गेला तर वॉटर पंप किंवा डायनॅमोचं बेअरिंग.

या इंजिनात एक फसगत हमखास होते. टॅपेटची झाकणं मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेले इनलेट-एक्झॉस्टचे पाइप) अगदी खाली, त्याच डाव्या बाजूला आहेत. एक्झॉस्ट गॅस्केट फुंकत असेल तरी हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो. फरक एवढाच की फुंकणारं गॅस्केट थंडीत ओरडतं आणि लोखंड तापून फुगलं की शांत होतं. तुमचं उलटं आहे, त्यामुळं ते बहुधा नाही. तरी फ्लँजजवळ (मॅनिफोल्ड इंजिनाला टेकतो तो सपाट काठ) काजळीची काळी रेघ दिसते का, ते पाहून घ्या. इथले जाड वॉशर इनलेट आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही फ्लँजवर एकदम बसतात. एक फ्लँज दुसरीपेक्षा थोडी जरी पातळ असली, तर वॉशर तिरका बसतो आणि पातळ बाजू सैल राहते. नट कितीही आवळा, उपयोग नाही. फ्लँज एका पातळीत घासून घ्याव्या लागतात.

आता रॉकर कव्हर काढा. आयडलिंगला तेल उडतं, पुठ्ठ्याचा आडोसा करा. चालत्या इंजिनात एकेका रॉकरच्या टोकाखाली, व्हॉल्व्हच्या माथ्यावर, पातळ फिलर गेज (गॅप मोजायचं ठरावीक जाडीचं पोलादी पान) सरकवा. ज्याच्याखाली पान गेल्यावर टिक्-टिक् दबते, तो तुमचा चोर.

दोनदा टॅपेट करूनही तो का सुटला? रॉकरचं टोक वर्षानुवर्षं व्हॉल्व्हवर आपटून खोलगट होतं. फिलर गेजचं सपाट पान त्या खोलगटाच्या दोन्ही काठांवर टेकतं, खड्ड्यात उतरत नाही. खड्डा ६ थाऊचा असेल, तर तुम्ही १७ लावलात तरी खरा गॅप २३ होतो. मिस्त्रीचा हात चुकला नाही, पानानं फसवलं. अशा रॉकरला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावूनच खरा गॅप कळतो: गेजची सुई व्हॉल्व्हकडच्या टोकावर टेकवा आणि रॉकर हातानं वर-खाली हलवून वाचा. या इंजिनाला गरम असताना १७ थाऊ, म्हणजे ०.४३ मिमी हवा.

टॅपेट करताना नवाचा हिशोब धरा. पुढून मागं १ ते ८ असे व्हॉल्व्ह मोजा. जो पूर्ण उघडला, म्हणजे सर्वांत खाली दाबलेला आहे, त्याचा नंबर नवातून वजा करा. जो येईल तो व्हॉल्व्ह लावा. १ उघडा तर ८, ३ उघडा तर ६.

रॉकर ज्या शाफ्टवर बसतो, तिच्यावर तो ढिला हलतो का, तेही पाहा. शाफ्ट खालच्या अंगानं झिजते, म्हणून वरून गुळगुळीत दिसते. काढल्यावर खालून नख फिरवा, पायरी लागेल. गरम झाल्यावर तेल पातळ होऊन हीच ढिलाई बोलू लागते. तुमची टिक्-टिक् पंधरा मिनिटांनी का सुरू होते, ते यातून कळतं. २०डब्ल्यू-५० पेक्षा पातळ तेल भरलं असेल तर बदला.

शाफ्ट काढताना सगळ्यात महाग चूक होते. रॉकर ब्रॅकेटचे चार नट हेडच्या स्टडवरच आहेत. तेवढे चारच सोडले तर हेड एका बाजूनं उचलतं आणि पाणी गॅस्केटमधून तेलात उतरतं. म्हणून आधी पाणी काढा, मग हेडचे सगळे ११ नट थोडे थोडे सैल करा. परत बसवताना मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं, हेडचे नट ५० पौंड-फूट (सुमारे ६८ न्यूटन-मीटर) आणि ब्रॅकेटचे बाकीचे छोटे नट २५. पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतचे दांडे) काढले की जाड काचेवर लोळवून पाहा. वाकडा असेल तर डुगडुगतो. काढलेला प्रत्येक पुशरॉड ज्याच्या त्याच्या जागी परत जायला हवा, त्यासाठी पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ठेवा.

मिस्त्री शोधताना स्पोर्ट्स कारवाला शोधू नका. हे १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज इंजिन म्हणजे आपल्या जुन्या पेट्रोल अँबॅसेडरचं सख्खं भावंड. कलेक्टर कचेरीच्या अँबॅसेडर ज्यांनी आयुष्यभर उघडल्या, त्यांचा हात यावर बसलेला असतो. रॉकरचे काही भागही तिथले जमतात, पण बसवण्याआधी जुन्याशी मापून घ्या.

प्रश्न : एमजीबी, १७९८ सीसी. कन्नडचा घाट चढताना इंजिनातून आवाज येतो. एक मेकॅनिक म्हणतो पेट्रोलचा दोष, दुसरा म्हणतो क्रँक. दोघांपैकी कुणाचं ऐकू?
– एक वाचक, जालना

उत्तर : आवाजाचं वर्णन पत्रात नाही, म्हणून दोन्ही धरून लिहितो.

पत्र्याच्या डब्यात खडी हलवल्यासारखी बारीक किणकिण असेल आणि ॲक्सिलरेटर अर्धा सोडताच थांबत असेल, तर ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल आपोआप पेटल्याचा आवाज. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा इथं संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही. इथेनॉलनं ऑक्टेन कमी होत नाही, उलट वाढतं. मात्र कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोलच्या छिद्रातून) मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. इग्निशन टायमिंग २ अंश मागं घेऊन, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडून, तोच घाट चढून पाहा. किणकिण गेली तर एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं घट्ट करा (पेट्रोल वाढवा), दोन्ही कार्ब सारखेच. टायमिंग मागं ठेवून वर्षभर चालवू नका, एक्झॉस्ट तापतो.

हातोडीच्या ठोक्यासारखं ठक्-ठक् असेल, तर ते कुठं वाढतं ते पाहा. चढावर पूर्ण लोडखाली खोल, जाड घण बसल्यासारखा आवाज म्हणजे मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं). सपाटीवर २,००० आरपीएमच्या वर स्थिर वेगात आणि ॲक्सिलरेटर सोडताना ठकठकलं तर बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग). मेन म्हणून निदान करण्याआधी क्रँक पुलीचा बोल्ट आणि फ्लायव्हीलचे बोल्ट तपासा. सैल पुलीनं काढलेल्या आवाजावर अख्खी क्रँक ग्राइंड झालेली उदाहरणं आहेत.

गरम इंजिनात आयडलिंगला ऑइल प्रेशर १० पीएसआयच्या खाली आणि सोबत ठोका, असं असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या. चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून बिग-एंडच्या कॅपमध्ये प्लॅस्टिगेज (गॅप मोजायची मऊ प्लॅस्टिकची तार) दाबून गॅप मोजा. १ ते २.७ थाऊ ठीक. क्रँक ग्राइंड करायची झाली तर बेअरिंग १०, २०, ३० आणि ४० थाऊ अंडरसाइजमध्ये (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठी) येतात. बेअरिंग हातात आल्यावरच क्रँक ग्राइंडिंगला द्या, उलट क्रम नको.

प्रश्न : एमजीएची किल्ली फिरवली, इंजिन अजून सुरू केलेलं नाही, तरी सीटच्या मागून टक्-टक्-टक् आवाज येत राहतो. इंजिनाशी याचा काय संबंध?
– एक वाचक, परभणी

उत्तर : इंजिनाशी काहीच नाही, तो एसयूचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप आहे. कार्ब्युरेटर भरेपर्यंत त्यानं भराभर वाजावं आणि मग थांबावं. तुमचा थांबत नाही, हा दोष आहे. कार्बच्या फ्लोट चेंबरमधून (पेट्रोल साठतं ती वाटी) पेट्रोल ओघळतंय का, ते आधी बघा. ओघळत असेल तर पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट्रोल म्हणजे आगच, दुरुस्ती होईपर्यंत गाडी काढू नका. ओघळत नसेल तर टाकी ते पंप या ओढीच्या बाजूला हवा शिरतेय. पंपाच्या पुढच्या पाइपाचं टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. सतत बुडबुडे आले तर सांधे आवळा आणि रबरी नळ्या बदला. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं आणि तडकतं, म्हणून इथेनॉल सोसणारीच नळी घ्या.

प्रश्न : आयडलिंगला इंजिनात मंद धप्-धप् होते, पण क्लच दाबला की बंद. क्लच प्लेट बदलली, फरक नाही.
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : तुम्ही गाडीचं मॉडेल लिहिलं नाही; बी-सीरिज इंजिन धरून सांगतो. क्लच दाबला की क्रँक पुढं ढकलली जाते. त्यानं आवाज थांबतो, म्हणजे क्रँक मागं-पुढं खेळते आहे आणि मधल्या मेन बेअरिंगचे थ्रस्ट वॉशर (क्रँकचं मागं-पुढं सरकणं रोखणारे) झिजलेत. पुलीवर डायल गेज टेकवा, क्लच दाबून सोडा आणि वाचा. २ ते ३ थाऊ असायला हवं. बरंच जास्त असेल तर चेंबर उतरवून वॉशर बदला. खाचांची बाजू बेअरिंगपासून बाहेर, क्रँककडं राहील असे बसवा. सिग्नलवर क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर तीही सोडा. वॉशर त्यानंच झिजतात.