साथीच्या दिवसांत पार्लर: सुरुवात दोऱ्यापासून

सगळ्यात आधी थ्रेडिंगची पद्धत बदल. दातात दोरा धरला की मास्क खाली येतो आणि तुझं तोंड क्लायंटच्या नाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर राहतं. दोऱ्याचं टोक मानेमागून बांधून घे. सुरुवातीला हात अडखळेल, मग बसेल. प्रत्येकीला नवा दोरा. भुवया मास्क लावूनही होतात, अप्पर लिप मात्र साथ ओसरेपर्यंत नकोच.

प्लकर, कात्री आधी साबणाने घासून धू, पुसून कोरडी कर, मगच 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 10 मिनिटं बुडव. केस किंवा क्रीम चिकटलेलं असलं तर त्याखालचे जंतू तसेच राहतात. हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) धातूला नको, गंज चढतो. ते खुर्ची, काउंटर, दाराच्या कडीसाठी: 5 टक्क्यांचं 20 मिली, पाणी 1 लिटर, रोज ताजं. टॉयलेटच्या अ‍ॅसिडजवळही नेऊ नकोस, विषारी वायू होतो.

वॅक्सच्या डब्यात वापरलेली पट्टी परत बुडवायची नाही. खिडक्या उघड्या ठेव.

ताप-खोकल्याचं फोनवरच विचार. असेल तर पुढची तारीख दे, पण अ‍ॅडव्हान्स कापू नकोस. कापलास तर पुढच्या वेळी ती आजार लपवून येईल.