कोरो गोव्यात आला तेव्हा संपलेला होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पॅनिश आघाडीचा फुटबॉलपटू फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, स्पेनमध्ये कधी गाजला नाही. मग चौतिशीत एफसी गोवाकडे येऊन त्याने गोलांचा रतीब घातला तो केवळ इथले बचाव ढिले होते म्हणून ना?

ढिले होते, हे मी मान्य करतो. पण त्याच ढिल्या बचावांसमोर युरोपातून आलेले, कोरोपेक्षा कितीतरी मोठ्या नावाचे लोक एक मोसम खेळून गुपचूप परतले. तेव्हा उत्तर तेवढ्यावर संपत नाही.

आधी 'गाजला नाही' हे बघू. कोरोचा जन्म 1983 चा, कातालोनियातल्या जिरोना भागातला. बार्सिलोना शहरात राहून बार्सिलोना क्लबच्या सावलीत जगणाऱ्या एस्पान्योलमध्ये तो घडला. एप्रिल 2006 मध्ये माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर एस्पान्योलने सारागोसाला 4-1 हरवून कोपा देल रेय, म्हणजे स्पेनचा राजाचा चषक, जिंकला. त्या चार गोलांपैकी एक कोरोचा. आणि गंमत बघा, चषक जिंकलेला हाच संघ महिन्याभराने ला लीगातून, म्हणजे स्पेनच्या अव्वल साखळीतून, खाली घसरायच्या बेतात होता. 13 मे 2006, शेवटचा सामना, समोर रेआल सोसिएदाद. नव्वद मिनिटं झाली तरी 0-0. नव्वदीनंतरच्या भरपाई वेळेत कोरोने गोल केला, एस्पान्योल वाचलं आणि आलावेस खाली गेलं. त्या क्लबच्या जुन्या पाठीराख्याला कोरो म्हटलं की आजही तोच गोल आठवतो, आपल्यासारखे आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, आकडे नाही.

पुढच्याच मोसमात एस्पान्योलने युएफा कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. उपांत्य फेरीत वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत कोरोचा गोल होता. ग्लासगोतला अंतिम सामना सेव्हियाने पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला. स्पर्धेत एकही सामना मैदानावर न हरता चषक हुकणं म्हणजे काय, ते एस्पान्योलवाल्यांना विचारा.

पण मग तो 'मोठा' का झाला नाही? माझ्या मते मुख्य कारण जागेचं. एस्पान्योलमध्ये पुढे राउल तामुदो होता, क्लबचा विक्रमी गोलवीर, त्याच्या मागे लुईस गार्सिया. मग उरली उजवी बाजू किंवा राखीव खेळाडूंचा बाक. कोरोला बराच काळ विंगवर धावावं लागलं, आणि विंगरला लागते ती एकट्याने माणूस मागे टाकायची हातोटी त्याच्याकडे बेताचीच होती. पुढे ओसासुना, घरचं जिरोना, एल्चे, मायोर्का आणि शेवटी सायप्रसमधलं दोक्सा. कारकीर्द उताराला लागली होती, यात वाद नाही.

2017 मध्ये सेर्जिओ लोबेरा गोव्याचा प्रशिक्षक झाला आणि त्याने कोरोला सरळ मधोमध, सर्वांत पुढे उभं केलं. लोबेरा बार्सिलोनाच्या मुशीतला. चेंडू मागून पायापायाने पुढे आणायचा, प्रतिस्पर्ध्याला ओढून घ्यायचं आणि मागे जागा उघडली की तिथे पास टाकायचा. अशा खेळात पुढच्या माणसाला ताकद किंवा उंची फारशी लागत नाही. कधी पळायचं हे कळावं लागतं. कोरोला ते कळत होतं. तो बचावपटूच्या नजरेआड, पाठीमागे उभा राहायचा. मधल्या फळीतल्या जाहू किंवा एदू बेदियाने मान वर केली की हा निघालेला. आणि गोलसमोर फार सोपस्कार नाहीत: एक स्पर्श, बहुतेक वेळा गोलरक्षकाच्या बाजूने जमिनीलगत.

9 डिसेंबर 2017 ला मी फातोर्ड्यात, गोव्याच्या घरच्या मैदानावर होतो. सावंतवाडीहून मडगावला गाडीने गेलो होतो, बरोबर एक मित्र. केरला ब्लास्टर्सविरुद्ध मध्यंतराला 2-2. मित्राला भूक लागली, तो बाहेर रॉस ऑम्लेट खायला गेला. गर्दी होती, उशीर झाला. तो परत आला तेव्हा फलकावर 5-2. 48, 51 आणि 55 व्या मिनिटाला कोरोचे तीन गोल, सात मिनिटांत हॅटट्रिक. मी चेष्टा करतोय असं त्याला बराच वेळ वाटत होतं. आधीच्याच आठवड्यात याच मैदानावर बेंगळुरूविरुद्ध 4-3 मध्येही कोरोचीच हॅटट्रिक होती. त्या दिवशी बेंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीत लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला असूनही बेंगळुरूने 3-3 केलं होतं, आणि चौथा गोल कोरोने काढला.

पहिल्या मोसमात 18 गोल, दुसऱ्यात 16. दोन्ही वेळा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार. 2018-19 चा सर्वोत्तम खेळाडूही तोच. तिसऱ्यात 14, आणि बूट एका गोलाने हुकला, कारण त्या वर्षी तिघांनी प्रत्येकी 15 मारले. वय तेव्हा सदतीस. एकूण 57 सामन्यांत 48. पुढे ओगबेचे आणि छेत्रीने हा आकडा ओलांडला, पण दोघांनाही सामने जास्त लागले.

दुखरी बाजूही सांगतो, नाहीतर मी निव्वळ भक्त ठरेन. आयएसएलचा चषक त्याला मिळाला नाही. 2019 ला मुंबईच्या अंधेरीत उपांत्य फेरीत मुंबई सिटीला 5-1 झोडपलं, आणि त्याच मैदानावर अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून जादा वेळेत 0-1 हार. गोल कुणाचा, तर बेंगळुरूकडून खेळणाऱ्या मुंबईकर राहुल भेकेचा, कॉर्नरवर हेडर. त्या दिवशी कोरोला जागा मिळालीच नाही. बचाव खोलवर आणि दाटीने उभा राहिला की तो दिसेनासा व्हायचा, हे खरंच आहे. महिन्याभराने भुवनेश्वरला सुपर कप मात्र आला. चेन्नईयिनविरुद्ध 2-1, पहिला गोल कोरोचा. 2020 मध्ये साखळीत अव्वल राहून गोवा एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटफेरीला पात्र ठरला, भारतातला पहिला क्लब. प्रत्यक्ष ती स्पर्धा खेळायची वेळ आली तोवर कोरोने गोवा सोडला होता.

तेव्हा 'सोपी लीग' म्हणण्याआधी केरलाविरुद्धची ती सात मिनिटं यूट्यूबवर पुन्हा लावा. या वेळी चेंडूकडे बघू नका, पास निघण्याआधी कोरो कुठे उभा आहे तेवढंच बघा. माझ्या मित्रानेही शेवटी तो सामना तसाच पाहिला, घरी, दुसऱ्या दिवशी.